संगणकाची पत्रिका

वर्षभर या सदराकडे जी पत्रे येतात त्यांतली पुष्कळशी एकाच वाक्याने सुरू होतात : "काल संध्याकाळपर्यंत व्यवस्थित चालत होता, आज सकाळी बंद पडला; आता काय करावे?" लिहिणारा कधी पतसंस्थेचा चिटणीस असतो, कधी शाळेचा हेडक्लार्क, कधी एखाद्या वकिलाच्या कचेरीत काम करणारी मुलगी. कचेरीतला संगणक आजारी पडला म्हणजे घरातला कर्ता माणूस अंथरुणाला खिळल्यासारखी अवस्था होते. पावती निघत नाही, पगारपत्रक होत नाही, खिडकीसमोर रांग वाढत जाते आणि साहेब दर दहा मिनिटांनी केबिनचे दार उघडून "झाले का?" असे विचारून जातात. अशा वेळी माणूस जो भेटेल त्याला उपाय विचारतो, तसा तो आम्हांलाही विचारतो.

उपाय सांगायला आमची ना नाही. परंतु सांगण्यापूर्वी आम्ही उलट तीन प्रश्न विचारतो. संगणक कोणता आणि केव्हा घेतलेला? बंद पडताना पडद्यावर कोणती अक्षरे उमटली? आणि काल चालत होता तो आज बंद पडला, या दरम्यान कचेरीत काय काय बदलले? पहिल्या प्रश्नाला उत्तर येते, "काळ्या रंगाचा आहे." दुसऱ्याला, "काहीतरी इंग्रजीत आले होते, आम्ही ओके दाबले." आणि तिसऱ्याला तर सर्वत्र एकच ठरलेले उत्तर : "काहीच बदलले नाही हो!"

दिवाळी अंकाच्या निमित्ताने नेहमीपेक्षा अधिक जागा मिळाली आहे. तेव्हा आज एकेका दुखण्यावर औषध न सांगता, हे तीन प्रश्न अनुत्तरित का राहतात आणि ते राहू नयेत म्हणून काय करावे, एवढेच सांगणार आहोत.

पत्रिकेवर ज्यांचा विश्वास नाही अशा घरीसुद्धा मुलाची जन्मवेळ कोठेतरी टिपलेली असते. लशी कोणत्या दिल्या, गोवर केव्हा आला, कोणते औषध सोसत नाही, हे आईला पाठ असते आणि डॉक्टरला तेवढ्यावर अर्धे निदान करता येते. कचेरीत मात्र चाळीस-पन्नास हजारांचे यंत्र येते, पेढे वाटले जातात, सीपीयूच्या डब्याला हळदकुंकू वाहिले जाते, खोकी माळ्यावर जातात. आणि त्या यंत्राविषयी एक ओळही कोणी कोठे लिहून ठेवीत नाही. पुढे पाच-सात वर्षे ते यंत्र जे काही भोगते ते सगळे येणाऱ्या-जाणाऱ्या कॉम्प्युटरवाल्याच्या डोक्यात राहते. तो नोकरी सोडून दुबईला गेला की कचेरीची स्मृतीही त्याच्याबरोबर विमानात बसते.

वास्तविक यंत्राची नोंद ठेवण्याची रीत संगणकाइतकीच जुनी आहे. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात तयार झालेले मार्क-२ नावाचे गणकयंत्र होते. आजच्यासारखी नखाएवढी चीप त्यात नव्हती. विजेच्या जोरावर खटाखट उघडझाप करणारे रिले होते. ९ सप्टेंबर १९४७ रोजी ते यंत्र चुकू लागले. माणसांनी एकेक भाग तपासत आणला, तेव्हा ७० क्रमांकाच्या रिलेमध्ये दिव्यावर झेप घेणाऱ्या जातीचा एक किडा अडकलेला आढळला. त्यांनी तो उचलून फेकून दिला नाही. रोजच्या नोंदवहीत, त्या दिवसाच्या पानावर, चिकटपट्टीने डकवला आणि शेजारी वेळ लिहिली : दुपारचे ३ वाजून ४५ मिनिटे. ते पान अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेने जतन करून ठेवले आहे. यंत्रातल्या दोषाला 'बग' म्हणण्याची चाल त्याही आधीची. एडिसनच्या १८७८ मधल्या एका पत्रात तो शब्द सापडतो. पण ही गोष्ट सांगणारे सगळे किडा तेवढा लक्षात ठेवतात आणि वही विसरतात. आमच्या मते त्या गोष्टीतली खरी नायिका वही आहे. ती नसती तर तो किडा आज कोणाला माहीतही नसता, आणि त्याच रिलेत पुढच्या महिन्यात दुसरा सापडला असता तर हा दुसरा आहे हेही कोणाला कळले नसते.

आता आपल्याकडची एक हकीकत ऐका. तालुक्याच्या गावची एक पतसंस्था. पाच संगणक आणि पाचही टेबलांचे कागद छापणारा एकच प्रिंटर. हा प्रिंटर मधूनमधून संपावर जाई. कधी तासभर, कधी दुपारपर्यंत. आणि मग काही झालेच नाही अशा थाटात पुन्हा पावत्या छापू लागे. कॉम्प्युटरवाला आला, त्याने टोनर बदलला. पुन्हा आला, त्याने वायर बदलली. तिसऱ्यांदा आला तेव्हा त्याने दोन संगणकांना फॉरमॅट मारला. त्यात कर्जवसुलीच्या नोटिशींची दोन वर्षांची फाईल कायमची गेली, कारण तिची दुसरी प्रत कोठेच नव्हती. प्रिंटर होता तसाच राहिला. शेवटी संचालकांच्या बैठकीत कोणीतरी बोलून गेले की, पावतीच्या टेबलावरच्या बाई काहीतरी भलतेच दाबतात, म्हणून हे होते. बाई कंत्राटावर होत्या आणि मुदत दोन महिन्यांनी संपणार होती. पुढचे सांगायला नको.

बाईंनी वाद घातला नाही. त्यांच्या टेबलामागे भिंतीवर कॅलेंडर होते. घरी दुधाचा खाडा मांडतात तसा त्यांनी प्रिंटरचा खाडा त्यावर मांडायला सुरुवात केली. छपाई बंद पडली त्या तारखेवर फुली, आणि शेजारी बारीक अक्षरात दोन शब्द : किती वाजता, पाऊस होता का, लाइट गेली होती का, कोण रजेवर होते. सहा आठवड्यांनी फुल्या पाहिल्या तर बहुतेक मंगळवारी पडलेल्या, आणि उरलेल्या पडल्या त्या दिवशी शिपाईमामा रजेवर. मंगळवार हा त्या गावच्या बाजाराचा दिवस. आता प्रिंटरने बाजाराचा दिवस पाळावा, हे काय गौडबंगाल?

गौडबंगाल होते ते असे. कचेरीच्या जाळ्यावर प्रत्येक यंत्राला आकड्यांचा एक पत्ता असतो. संगणकांना आणि मोबाइलना हा पत्ता राउटर वाटतो. धर्मशाळेचा मुनीम येईल त्याला मोकळी असेल ती खोली देतो, तसा. या प्रिंटरचा पत्ता मात्र बसवणाऱ्याने हाताने भरला होता : १९२.१६८.१.५. ही खोली राखून ठेव, असे राउटरला त्याने सांगितलेच नव्हते. एरवी मामा सर्वांच्या आधी येऊन प्रिंटर चालू करीत. खोलीत माणूस आहे असे दिसे आणि राउटर ती कोणाला देत नसे. मामा रजेवर असले की प्रिंटर उशिरा चालू होई. मंगळवारी मामा बाजार करून येत, म्हणून उशीर. आणि नेमके त्याच सकाळी बाजाराला आलेले सभासद दारात उभे असत. त्यांच्या मोबाइलना संस्थेचे वाय-फाय मोकळे होते. पाचाची खोली रिकामी दिसली की राउटर ती एखाद्या मोबाइलला देऊन टाकी. मागून प्रिंटर जागा होई तो त्याच पत्त्यावर. एका पत्त्यावर दोन बिऱ्हाडे! पावत्या त्या पत्त्यावर जात खऱ्या, परंतु घेणारा कोणा सभासदाचा फोन असे. तो सभासद काम आटोपून बाहेर पडला की प्रिंटर आपोआप बरा होई.

बाईंच्या फुल्या पाहून एका जाणत्या मुलाने मंगळवारी सकाळी प्रिंटर मुद्दाम बंद ठेवायला लावला आणि 'पिंग' नावाच्या आज्ञेने संगणकावरून त्या पत्त्याला हाक मारली. बंद प्रिंटरच्या पत्त्यावरून 'ओ' आली! निदान झाले. राउटरमध्ये तो पत्ता प्रिंटरच्या नावे राखून ठेवला आणि सभासदांच्या वाय-फायची वाट निराळी केली. काम वीस मिनिटांचे, खर्च शून्य. बाईंचे कंत्राट पुढे चालू राहिले. गेलेल्या नोटिशी मात्र परत आल्या नाहीत.

या हकीकतीत दोन वेळा नोंदीची गरज होती. प्रिंटर बसवला त्या दिवशी 'पत्ता हाताने भरला, राउटरमध्ये राखलेला नाही' एवढे कोणी लिहिले असते, तर पुढचा प्रसंगच आला नसता. ते कोणी लिहिले नाही, म्हणून दुसरी नोंद एका बाईला स्वतःची नोकरी वाचवण्यासाठी भिंतीवर करावी लागली. ज्या कचेरीत वही नसते त्या कचेरीत यंत्र बिघडले की संशय माणसावर जातो, आणि तो बहुधा सर्वांत लहान पगाराच्या माणसावर जातो. आमचा वहीचा आग्रह आहे तो मुख्यतः याकरिता.

आता ही वही ठेवावी कशी ते सांगतो. जाड पुठ्ठ्याची शंभर पानी वही घ्यावी. "संगणकावरच एक फाईल करून ठेवली तर चालणार नाही का?" असे हटकून कोणी विचारतो. विहिरीत पडल्यावर लागणारी दोरी विहिरीतच ठेवण्याचा तो प्रकार आहे. फाईल अवश्य करावी, पण कागद हवाच.

प्रत्येक यंत्राला समोरासमोरची दोन पाने द्यावीत. डाव्या पानावर पत्रिका. यंत्राचा अनुक्रमांक, खरेदीची तारीख, बिलाचा क्रमांक, गॅरंटी केव्हा संपते. प्रोसेसर कोणता, रॅम किती, डिस्क कोणत्या जातीची व किती जागेची. विंडोज कोणते. जाळ्यावर यंत्राचे नाव काय, पत्ता राउटर देतो की हाताने भरला आहे. कोणकोणते प्रोग्रॅम घातले, त्यांचे परवाने कोणाच्या नावे आहेत. मराठीसाठी कोणते फॉन्ट आणि कोणता कीबोर्ड बसवला. (हे शेवटचे विसरू नये. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर उघडला की अर्जाचे इंग्रजी अक्षरांचे कडबोळे होते आणि लोक फाईल 'करप्ट' झाली म्हणून रडतात.) उजव्या पानावर रोजनिशी : तारीख, वेळ, काय झाले, पडद्यावर आलेला मजकूर जसाच्या तसा, काय केले, गुण आला की नाही, आणि करणाऱ्याची सही.

डाव्या पानाचा उपयोग काय, हे २०२५ साली पुष्कळांना कळले. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपवला. विंडोज ११ घालायचे तर टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, निदान ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा लागते, आणि प्रोसेसर फार जुना चालत नाही. ज्यांच्याजवळ पाने भरलेली होती त्यांनी चहा संपेपर्यंत ठरवले, की अमुक तीन यंत्रे राहतील आणि अमुक दोन बदलावी लागतील. बाकीच्यांना कोणी सांगितले, "सगळीच बदला," आणि त्यांनी ती बदलली.

यंत्र मांडण्याच्या दिवशी आणखी चार गोष्टी पाहाव्या आणि पाहिल्याची नोंद करावी. पहिली गोष्ट अर्थिंगची. सीपीयूच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर संगणकवाल्याच्या आधी वायरमनला बोलवावे. दुसरी, यूपीएसची. लेझर प्रिंटर यूपीएसवर कधीही लावू नये. तो आतला रूळ तापवताना एकदम इतकी वीज ओढतो की यूपीएस दबून जातो. बाकी सर्व लावून झाल्यावर, महत्त्वाचे काम कोठे उघडे नाही असे पाहून, भिंतीवरचे बटण मुद्दाम बंद करावे आणि यूपीएस किती मिनिटे तग धरतो ते लिहावे. सहा महिन्यांनी पुन्हा पाहावे. आकडा निम्म्यावर आला की बॅटरी जाणार हे आधीच कळते. नाहीतर ते मार्चअखेरीस, हिशेब चालू असताना कळते. तिसरी गोष्ट जागेची. डबा जमिनीवर ठेवू नये. फरशी पुसणाऱ्या बाईंच्या बादलीचा आणि त्याचा कधी ना कधी संबंध येतोच. चौथी गोष्ट अधिकाराची. रोजच्या कामाला साधे खाते द्यावे. प्रोग्रॅम घालण्या-काढण्याचा अधिकार असलेले खाते निराळे ठेवावे आणि त्याचा पासवर्ड बंद पाकिटात, सही-शिक्का करून, तिजोरीत ठेवावा. पासवर्ड वहीत लिहू नये. वही सर्वांनी पाहायची असते, पाकीट पाहायचे नसते.

एवढी तयारी असली म्हणजे दुखण्याच्या दिवशी धावाधाव होत नाही. त्या दिवशीचा क्रम असा. पडद्यावर जे आले असेल ते आधी लिहून घ्यावे, किंवा मोबाइलने त्याचा फोटो काढावा, ओके मागाहून. नंतर पाहावे की दुखणे एका यंत्राला आहे की सर्वांना. सर्वांना असेल तर एकेक संगणक उघडण्यात अर्थ नाही. जे सर्वांचे सामाईक आहे, म्हणजे राउटर, स्विच, वीज, तिकडे जावे. एकालाच असेल तर शेजारची चालू असलेली वायर त्याला लावून पाहावी, त्याची वायर शेजाऱ्याला लावून पाहावी. दुखणे वायरीबरोबर गेले की यंत्राजवळ राहिले, हे लगेच दिसते. यंत्राचा पत्ता पाहावा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरकडून पत्ता मिळालाच नाही, यंत्राने आपल्या मनाने घेतला आहे, असे समजावे. अशा वेळी वायर आणि राउटर पाहावा. फॉरमॅट मारणे म्हणजे पत्र आले नाही म्हणून घराला नवा रंग देणे होय.

आणि सर्वांत मुख्य नियम : एका वेळी एकच गोष्ट बदलावी. वायर बदलली, रॅम पुसून बसवली, ड्रायव्हर नवा घातला आणि यंत्र चालू झाले, तर कशाने चालू झाले हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. पुढच्या वेळी तिन्ही गोष्टी पुन्हा कराव्या लागतील. एक बदल, एक चाचणी, एक ओळ. उपयोग झाला नाही तर बदललेले पूर्ववत करून मग दुसरे.

उदाहरणादाखल एक नेहमीचे दुखणे घ्या. मोठी सुट्टी संपून कचेरी उघडते. एका यंत्रावर बँकेचे पान उघडत नाही, सरकारी पोर्टल उघडत नाही, जिकडे तिकडे 'सुरक्षित नाही' अशा धमक्या. इंटरनेटवाल्याला शिव्या घालून होतात. कोपऱ्यातल्या घड्याळाकडे कोणी पाहत नाही. ते भलतेच जुने साल दाखवीत असते. संकेतस्थळांच्या दाखल्यांना मुदत असते, आणि यंत्राच्या मते ती मुदत अजून सुरूच झालेली नसते. मदरबोर्डवर बटणाएवढा एक सेल असतो, वीज नसताना घड्याळ चालू ठेवणारा. त्याचे नाव बहुधा सीआर २०३२; पैकी २० म्हणजे २० मिलिमीटर व्यास आणि ३२ म्हणजे ३.२ मिलिमीटर जाडी. तो मेला की मुख्य वीज बंद राहिल्यावर यंत्र तारीख विसरते. हाताने तारीख लावून काम भागते, पण पुढच्या सुट्टीनंतर तेच. वहीत आधीच्या दोन ओळी दिसल्या की तिसऱ्या वेळी सेल बदलण्याची बुद्धी होते. व्याजाची आकारणी त्याच यंत्रावर होत असेल तर ही बुद्धी जितक्या लवकर होईल तितकी बरी.

"आमची कचेरी पाच संगणकांची, आम्हांला एवढे सोपस्कार कशाला?" असे कोणी म्हणेल. त्यांनी थोरामोठ्यांची फजिती पाहावी. १९ जुलै २०२४ रोजी, शुक्रवारी, क्राउडस्ट्राइक या अमेरिकन कंपनीने आपल्या सुरक्षेच्या प्रोग्रॅमसाठी एक लहानशी दुरुस्ती जगभर पाठवली. आपल्याकडे तेव्हा सकाळचे ९ वाजून ३९ मिनिटे झाली होती. दुरुस्ती २१ रकाने मागत होती आणि मूळ प्रोग्रॅम पुरवीत होता २०. एवढ्या एका रकान्यापायी, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे, सुमारे ८५ लाख विंडोज यंत्रे निळा पडदा दाखवून आडवी झाली. ७८ मिनिटांत कंपनीने दुरुस्ती मागे घेतली. पण पडलेली बहुतेक यंत्रे पडलेलीच. विमाने अडकली, आपल्या देशातही काही प्रवाशांच्या हाती पेनाने लिहिलेले बोर्डिंग पास पडले. उपाय फार साधा होता : यंत्र 'सेफ मोड'मध्ये सुरू करायचे आणि एक फाईल काढून टाकायची. परंतु त्याकरिता माणसाला सहसा प्रत्येक यंत्रापाशी जावे लागले, आणि जेथे डिस्कला बिटलॉकरचे कुलूप होते तेथे त्या यंत्राची ४८ अंकी किल्ली आधी टाइप करावी लागली. काही ठिकाणी त्या किल्ल्यांची यादीच मुळी बंद पडलेल्या यंत्रांवर होती! विहिरीतली दोरी ती हीच. नव्या विंडोज ११ च्या यंत्रांवर हे कुलूप पुष्कळदा आपोआप लागलेले असते, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. तुमच्या यंत्राला ते आहे का ते आज पाहा, आणि असेल तर किल्ली कागदावर छापून त्या तिजोरीतल्या पाकिटात ठेवा.

दुसरी हकीकत मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीची. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' नावाच्या विध्वंसक प्रोग्रॅमने युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या वाटेने शिरकाव केला आणि मर्स्कचे संगणक जगभर पुसून टाकले. नवी मुंबईजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या तिच्या टर्मिनलचे कामही त्यात अडले. कंपनीच्या अध्यक्षांनी पुढे २०१८ साली सांगितले की, दहा दिवसांत ४५ हजार संगणक आणि ४ हजार सर्व्हर नव्याने उभे करावे लागले. या उभारणीला मूळ आधार हवा होता तो एका वहीचा : कोण माणूस, कोणते यंत्र, कोणाला कसला अधिकार, हे सांगणारी जाळ्याची मुख्य नोंद. तिच्या सुमारे दीडशे प्रती जगभर होत्या, पण त्या एकमेकींना जोडलेल्या. सगळ्या एकदमच गेल्या. एकच वाचली. घाना देशातल्या कचेरीत हल्ल्यापूर्वी वीज गेली होती, म्हणून तिथला सर्व्हर जाळ्याबाहेर राहिला. २०१८ मध्ये 'वायर्ड' मासिकाने ही हकीकत छापली. लोडशेडिंगचे असे भाग्य आपल्या वाट्याला कधी आले नाही. तेव्हा दैवावर न विसंबता एक प्रत आपणच जाळ्याबाहेर ठेवावी, हे उत्तम.

याकरिता जाणत्यांचा एक ठोकताळा आहे. महत्त्वाच्या नोंदींच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन निराळ्या प्रकारच्या साधनांवर असाव्यात, आणि त्यांतली एक इमारतीबाहेर असावी. इमारतीबाहेर का, ते चिपळूणकरांना विचारावे. २२ जुलै २०२१ च्या पुरात तिथली तळमजल्यावरची दुकाने आणि कचेऱ्या पाण्याखाली गेल्या. अशा वेळी संगणक आणि त्याच्याच खणात ठेवलेला बॅकअपचा पेन ड्राइव्ह, दोघे एकाच पाण्यात बुडतात. बाहेरची प्रत आठवड्याला एकदा चिटणिसांच्या घरी गेली तरी चालेल. मात्र तिच्यावर पासवर्डाचे कुलूप हवे, कारण आतले हिशेब सभासदांचे आहेत, चिटणिसांचे नाहीत.

आणि बॅकअप नुसता घेऊन भागत नाही. लोणचे घातले म्हणजे संपले नाही. बरणी उघडून पाहावी लागते. महिन्यातून एकदा बॅकअपमधली एक फाईल दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहावी आणि वहीत लिहावे, 'उघडली'. ज्या बॅकअपपुढे हा एक शब्द नाही तो बॅकअप आहे असे समजू नये. त्या पतसंस्थेत हा शब्द लिहिण्याची पद्धत असती, तर फॉरमॅट मारूनही नोटिशी राहिल्या असत्या.

या सगळ्याला येणारा खर्च म्हणजे एक वही, एक पाकीट आणि दिवसाची पाच मिनिटे. अवघड आहे ती शिस्त. पहिले आठ दिवस सगळे लिहितात, नवव्या दिवशी विसरतात. त्यावर आमची सूचना अशी की, वही एकाच माणसाच्या स्वाधीन करावी आणि तो माणूस साहेब नसावा. जो सर्वांत आधी कुलूप उघडतो आणि कोणते यंत्र सकाळी कसे कुरकुरते हे ज्याला ठाऊक असते, त्याच्याकडे ती द्यावी. बाहेरचा कॉम्प्युटरवाला आला की त्यानेही, पैसे घेण्यापूर्वी, आपण काय केले ते त्या वहीत लिहून सही करावी. चांगला कारागीर याला कधी नाही म्हणणार नाही.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपले व्यापारी वहीची पूजा करतात. हिशेब आता संगणकात गेले, तरी कोरी वही पाटावर मांडून तिच्यावर गंध-फूल वाहण्याची चाल राहिली आहे. या वर्षी त्या वहीशेजारी ही दुसरी वही ठेवावी, आणि पाडव्याला कचेरी उघडली की पहिल्या यंत्राचे डावे पान भरून टाकावे.

यापुढे या सदराकडे पत्र लिहिताना त्या यंत्राच्या दोन पानांची नक्कल सोबत जोडावी, अशी विनंती आहे. पासवर्डाचे पाकीट जोडू नये! आमचा अनुभव असा की, पुष्कळांना नक्कल करता करताच उत्तर सापडते आणि पत्र टाकण्याची गरज उरत नाही. त्याने आमच्याकडची पत्रे कमी झाली, तर त्याचे आम्हांला वाईट वाटणार नाही.